उमेकोबाईंची दहा मुलींची शाळा

सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई यांची चरित्रे आपल्या मंडळात वाचून झालीच आहेत. म्हणून यंदा मी जपानातील एका बाईंविषयी चार शब्द लिहिते. त्यांचे नाव उमेको त्सुदा. २०२४ साली जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

त्यांचा जन्म १८६४ चा. १८७१ साली जपान सरकारने पाच मुली शिक्षणासाठी अमेरिकेला धाडल्या. त्यांत ही सर्वांत लहान, अवघी सहा वर्षांची. आपल्याकडे त्या वयाची मुले आईचा पदर सोडीत नाहीत! तिकडे लॅनमन नावाच्या दांपत्याने तिला पोटच्या मुलीसारखे वाढविले. अकरा वर्षांनी ती परतली तेव्हा मातृभाषा विसरली होती, प्रत्यक्ष आईशी बोलायची पंचाईत. शिकून आलेल्या मुलग्यांना सरकारात जागा मिळत. या मुलींचे काय करायचे, ते मात्र कोणी ठरविलेच नव्हते.

पुढे १८८५ पासून सरदार घराण्यांतील मुलींच्या शाळेत त्यांना नोकरी मिळाली. मान होता, पगारही चांगला. पण तेथे मुलींना शिकवायचे ते चांगले स्थळ मिळावे एवढ्यासाठी. उमेकोबाईंचे मन रमेना. १८८९ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि ब्रिन मॉर कॉलेजात जीवशास्त्र शिकल्या. बेडकाच्या अंड्यांवर त्यांनी मॉर्गन या प्राध्यापकांबरोबर लिहिलेला निबंध १८९४ साली छापून आला. लग्न त्यांनी केले नाही.

तेथे असतानाच त्यांनी खरे काम आरंभले. फिलाडेल्फियातील बायकांपुढे भाषणे करून त्यांनी आठ हजार डॉलर जमविले. त्या रकमेच्या व्याजावर जपानची एकेक हुशार मुलगी निवडून आणायची, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी आधी तेथल्या शाळेत तिची तयारी करून घ्यायची आणि मग कॉलेजात घालायची, अशी ती योजना. मिची मात्सुदा, मिची कावाई, आई होशिनो या तिघी अशाच शिकल्या आणि तिघीही पुढे मोठ्या शिक्षणसंस्थांच्या प्रमुख झाल्या.

१९०० साली सरदारांच्या शाळेतली नोकरी सोडून त्यांनी टोकियोत भाड्याच्या घरात स्वतःची शाळा काढली. मुली दहा! वर्ग मुद्दाम लहान, कारण प्रत्येकीची बुद्धी वेगळी, ती ओळखून शिकवायला हवे, असे त्यांचे मत. शिस्त कडक. धडा घरून तयार करून यायचा, उच्चार चुकला तर बरोबर येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचा. कोणी म्हणेल, हुशार मुलींचेच एवढे कौतुक का? पण सरकारी शिक्षकपरीक्षा अवघड होती आणि ती उतरली की बाईला स्वतःच्या विद्येवर पोट भरता येई. शिवाय त्या दहाजणी पुढे शंभरांना शिकवणार! १९०५ पासून या शाळेच्या पदवीधर मुलींना त्या परीक्षेवाचूनच शिक्षिकेचा परवाना मिळू लागला. मुलींच्या शाळांत हा मान पहिला.

(जाता जाता सांगते, आपल्या अण्णासाहेब कर्व्यांना १९१६ साली महिला विद्यापीठ काढण्याची स्फूर्ती टोकियोच्याच एका महिला विद्यापीठाच्या पुस्तिकेवरून मिळाली. ती संस्था मात्र निराळी.)

१९१९ मध्ये मधुमेहाने थकून त्यांनी काम सोडले. १९२३ च्या भूकंपात शाळा जळाली. तेव्हा त्यांच्या मैत्रीण ॲना हार्टशोर्न अमेरिकेत जाऊन पाच लाख डॉलर जमवून आल्या. नवी इमारत उभी राहण्यापूर्वीच, १९२९ साली, उमेकोबाई वारल्या. त्यांची समाधी संस्थेच्या आवारातच आहे. १९४८ मध्ये शाळेचे कॉलेज झाले, तेव्हा पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आई होशिनो.