बिल हेली

विल्यम जॉन क्लिफ्टन ऊर्फ बिल हेली (६ जुलै १९२५, हायलंड पार्क, मिशिगन – ९ फेब्रुवारी १९८१, हार्लिंजन, टेक्सास) हे अमेरिकन गायक, गिटारवादक आणि 'बिल हेली अँड हिज कॉमेट्स' या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. १९५५ साली त्यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गीत 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या लोकप्रियता-सूचीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि रॉक अँड रोल हा संगीतप्रकार जगभर परिचित झाला. हेली यांचा स्वतःचा बहर अल्पकाळ टिकला. मात्र त्यांच्या वाद्यवृंदाने नृत्यासाठी घडवलेली वादनपद्धती पुढे अनेक दशके टिकून राहिली.

प्रारंभिक जीवन

हेली यांचे वडील केंटकी राज्यातील असून ते बँजो व मँडोलिन वाजवत. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आईला पियानोवादन अवगत होते. बालपणी कानाच्या शस्त्रक्रियेत झालेल्या चुकीमुळे हेली यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. पुढे कपाळावर रुळणारी केसांची बट ही त्यांची ओळख ठरली. डोळ्यावरून लोकांचे लक्ष हटावे म्हणून त्यांनी ती ठेवली, असे सांगितले जाते. महामंदीच्या काळात हे कुटुंब पेनसिल्व्हेनियातील चेस्टर शहराजवळ स्थायिक झाले.

हेली यांनी सुरुवात केली ती ग्रामीण ढंगाचे कंट्री संगीत गाणारे कलावंत म्हणून. काही वर्षे फिरत्या वाद्यवृंदांत काढल्यानंतर त्यांनी चेस्टर येथील नभोवाणी केंद्रावर काम केले आणि १९४९ मध्ये 'सॅडलमेन' हा स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला.

वाद्यवृंदाची घडण

१९५१ मध्ये सॅडलमेनने 'रॉकेट ८८' हे गीत ध्वनिमुद्रित केले. मूळ गीत जॅकी ब्रेन्स्टन या कृष्णवर्णीय गायकाचे होते. गोऱ्या कंट्री वादकांनी कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीताला हात घालणे तेव्हा धाडसाचे होते. १९५२ मधील 'रॉक द जॉइंट'ला मिळालेल्या प्रतिसादानंतर काऊबॉयचा वेश मागे पडला. हॅलीच्या धूमकेतूशी आडनावाचे साम्य असल्याने वाद्यवृंदाला 'कॉमेट्स' म्हणजे 'धूमकेतू' हे नाव मिळाले.

या काळात वाद्यवृंदाने शाळांतील विद्यार्थ्यांपुढे कार्यक्रम केले आणि कोणत्या ठेक्यावर मुले नाचू लागतात, हे जवळून पाहिले. त्यातूनच कॉमेट्सची शैली ठरत गेली. डबल बासच्या तारा ओढून पट्टीवर आपटल्याने ठेका ठसठशीत होई. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर पडे. सॅक्सोफोन व गिटार छोटे, पुन्हा पुन्हा येणारे स्वरसमूह वाजवत. रंगमंचावर सॅक्सोफोनवादक पाठीवर पडून वाजवी, तर बासवादक वाद्यावर चढून बसे. १९५३ मधील 'क्रेझी मॅन, क्रेझी' या गीताने त्यांना देशव्यापी ओळख दिली.

'रॉक अराउंड द क्लॉक'

१२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपलमध्ये, डेका कंपनीसाठी मिल्ट गेबलर यांच्या देखरेखीखाली हे गीत ध्वनिमुद्रित झाले. सत्राचा बहुतेक वेळ दुसऱ्याच गीतावर खर्च झाला आणि 'रॉक अराउंड द क्लॉक' शेवटी घाईत उरकले गेले. त्यातील गाजलेला गिटारचा तुकडा डॅनी सेड्रोन यांनी वाजवला. तो त्यांनीच 'रॉक द जॉइंट'मध्ये वाजवलेल्या तुकड्यावर आधारलेला होता. सेड्रोन हे वाद्यवृंदाचे कायम सदस्य नव्हते. त्यांना केवळ सत्राचे मानधन मिळाले. सुमारे दोन महिन्यांनी जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. या गीताचे यश त्यांना पाहता आले नाही.

सुरुवातीला गीताला बेताचाच प्रतिसाद मिळाला. त्याच वर्षी बिग जो टर्नर यांच्या 'शेक, रॅटल अँड रोल'ची कॉमेट्सने केलेली, शब्द सौम्य केलेली आवृत्ती अधिक खपली. १९५५ मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर 'रॉक अराउंड द क्लॉक' वाजले आणि चित्र पालटले. जुलैपासून आठ आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते.

यश आणि फूट

वाद्यवृंदात हेली, पियानोवादक जॉनी ग्रँड आणि स्टील गिटारवादक बिली विल्यमसन हे भागीदार होते; इतर वादक पगारी होते. यशानंतर बासवादक मार्शल लिटल, सॅक्सोफोनवादक जोई अँब्रोज व ड्रमवादक डिक रिचर्ड्स यांनी वेतनवाढ मागितली. ती नाकारली गेल्याने तिघेही १९५५ मध्येच बाहेर पडले. त्यांच्यानंतर आलेले सॅक्सोफोनवादक रूडी पॉम्पिली हे हेली यांचे दीर्घकाळचे सहकारी ठरले.

१९५६ मध्ये 'रॉक अराउंड द क्लॉक' याच नावाचा चित्रपट आला. ब्रिटनमध्ये तरुण प्रेक्षक चित्रपटगृहांत नाचू लागले, काही ठिकाणी खुर्च्यांची मोडतोड झाली आणि अनेक गावांनी चित्रपटावर बंदी घातली. १९५७ च्या ब्रिटन दौऱ्यात हेली यांच्या स्वागताला प्रचंड गर्दी लोटली. परंतु तोवर एल्व्हिस प्रेस्ली यांचा उदय झाला होता. तिशी ओलांडलेले हेली तरुणांना आदर्श वाटेनासे झाले.

उत्तरायुष्य

१९६० च्या दशकात करथकबाकी व मद्यपान यांनी हेली यांना ग्रासले. या काळात मेक्सिकोत त्यांनी ट्विस्ट नृत्याच्या ध्वनिमुद्रिका काढून पुन्हा यश मिळवले. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथील जुन्या रॉक अँड रोल कलावंतांच्या कार्यक्रमात श्रोत्यांनी उभे राहून त्यांना दीर्घकाळ मानवंदना दिली. १९७३ च्या 'अमेरिकन ग्रॅफिटी' चित्रपटामुळे त्यांचे प्रसिद्ध गीत नव्या पिढीपर्यंत पोहोचले. १९७६ मध्ये पॉम्पिली यांच्या निधनाने हेली खचले. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यांनी राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्यासमोर गायन केले. १९८० मधील दक्षिण आफ्रिकेचा दौरा अखेरचा ठरला.

वारसा

हेली यांना रॉक अँड रोलचे जनक म्हणावे का, याविषयी मतभेद आहेत. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीतावर ही इमारत उभी राहिली, त्यांना तेवढी प्रसिद्धी व अर्थप्राप्ती लाभली नाही. कंट्री व ऱ्हिदम अँड ब्लूज यांचा मेळ घालून हे संगीत जगभरच्या नृत्यगृहांत नेण्याचे श्रेय मात्र कॉमेट्सकडे जाते.

हेली यांना १९८७ मध्ये मरणोत्तर 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. त्यांच्या साथीदारांना तेव्हा वगळण्यात आले. त्याच वर्षी लिटल, अँब्रोज, रिचर्ड्स, ग्रँड आणि गिटारवादक फ्रॅनी बीचर हे जुने सदस्य पुन्हा एकत्र आले. वयाची सत्तरी ओलांडल्यावरही ते अमेरिका व युरोपमध्ये त्याच जोमाने कार्यक्रम करत राहिले. अखेर २०१२ मध्ये कॉमेट्सचाही 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. त्या यादीत वेतनाच्या वादातून बाहेर पडलेले तिघे होते, तसेच केवळ सत्राच्या मानधनावर वाजवलेले डॅनी सेड्रोनही होते.