दारात कोण आहे? मेरीनं शोधलेलं उत्तर

रात्रीचे अकरा वाजलेत. घरात आपण एकट्याच. आणि दारावरची बेल वाजते. छातीत धस्स होतं की नाही? टीव्हीचा आवाज कमी करून आपण पाय न वाजवता दाराशी जातो, दाराच्या भोकाला डोळा लावतो. बाहेरचा माणूस जरा बाजूला उभा असला की काहीच दिसत नाही. 'कोण आहे?' असं विचारावं, तर आपण घरात एकट्या आहोत हे आवाजावरून कळेल, ही भीती.

न्यूयॉर्कमधल्या एका नर्सच्या मनातही हीच भीती होती. पण ती नुसती घाबरून बसली नाही. आज घरोघरी दिसणाऱ्या कॅमेरा, अलार्म आणि मोबाइलवरून उघडणाऱ्या कुलपाची कल्पना तिनं साठ वर्षांपूर्वी कागदावर मांडली. तिचं नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन.

मेरीचा जन्म ३० ऑक्टोबर १९२२ चा. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे (जमैका देश नव्हे बरं का!), तिथली ती. कृष्णवर्णीय कुटुंबातली मुलगी. मोठी होऊन नर्स झाली. नवरा अल्बर्ट ब्राऊन इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. संसार चारचौघांसारखाच, पण दोघांच्या कामाच्या वेळा अगदी विचित्र. ती ड्यूटीवरून यायची तेव्हा तो बाहेर, तो यायचा तेव्हा ती निघालेली. नर्सबाईंच्या घरी हे असंच असतं, आपल्याकडेही. त्यामुळे कित्येक रात्री मेरी घरात एकटी असायची.

काळही चांगला नव्हता. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गुन्हे वाढत चालले होते. १९६४ च्या मार्चमध्ये क्वीन्समध्येच एका तरुणीचा पहाटे तिच्या राहत्या इमारतीजवळ खून झाला आणि सारा देश हादरला. मेरीच्या वस्तीत तर पोलिसांना बोलावलं तरी ते लवकर येत नसत. मदतीसाठी फिरवायचा ९११ हा तीन आकडी नंबरही न्यूयॉर्कला मिळाला तो १९६८ च्या जुलैत. तोवर एकट्या बाईनं रात्री करायचं काय?

मेरीनं विचार केला तो अगदी घरातल्या बाईचा. मला बिछान्यातून न उठता कळलं पाहिजे की दारात कोण आहे. दार न उघडता त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. ओळखीचं माणूस असेल तर जागेवरूनच दार उघडता आलं पाहिजे. आणि धोका वाटला तर एका बटणासरशी मदत मागता आली पाहिजे. बस्स, एवढंच! तंत्राची बाजू अल्बर्टला ठाऊक होती. दोघं मिळून कामाला लागले.

कॅमेऱ्यानं पहारा ठेवणं तेव्हा अगदीच नवं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं रॉकेटचं उड्डाण दुरून पाहण्यासाठी असे कॅमेरे वापरले होते. पण ते सगळं लष्कराचं काम. घराच्या दाराला कॅमेरा लावून तो बोलण्याशी, कुलपाशी आणि अलार्मशी जोडायचा, हा विचार मेरी आणि अल्बर्टचा.

त्यांनी दारात एकाखाली एक चार भोकं ठेवली. का माहितीये? दारात येणारा उंच असेल, बुटका असेल, लहान मूलही असेल. आतला कॅमेरा मोटारीवर वरखाली सरकायचा आणि हव्या त्या भोकातून बाहेर पाहायचा. त्याचं चित्र बिनतारी पद्धतीनं झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर दिसायचं. दुतर्फी बोलण्यासाठी मायक्रोफोन होता. एका बटणानं दाराचं कुलूप दुरूनच उघडायचं, तर दुसऱ्या बटणानं पोलिसांना किंवा पहारेकऱ्याला इशारा जायचा.

१ ऑगस्ट १९६६ ला दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. अर्जावर पहिलं नाव मेरीचं, मग अल्बर्टचं. तीन वर्षं वाट पाहावी लागली. २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं आणि चारच दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमी झळकली. पण पुढे काय? टीव्ही कॅमेरा तेव्हा फार महाग. ही यंत्रणा त्या रूपात घरोघरी कधीच पोचली नाही. मेरी काही श्रीमंत कारखानदार झाली नाही. पुढे कित्येक शोधकांनी आपल्या पेटंटमध्ये तिच्या पेटंटचा दाखला दिला. २ फेब्रुवारी १९९९ ला, वयाच्या ७६ व्या वर्षी, मेरी गेली. तिच्या कल्पनेतलं सगळं मोबाइलच्या एका अ‍ॅपमध्ये आलेलं मात्र तिला पाहायला मिळालं नाही.

ही गोष्ट आज का सांगतेय? आमच्या महिला मंडळातल्या एका काकूंच्या मुलानं परदेशातून हौसेनं घरभर यंत्रणा बसवून दिली. दिवे मोबाइलवर, पडदे मोबाइलवर, कॅमेरा मोबाइलवर. एका संध्याकाळी वीज गेली, वायफाय बंद पडलं आणि सगळंच मुकं झालं. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी दार वाजवत राहिलं. शेवटी काकूंनी खिडकीतून शेजारणीला हाक मारली, तेव्हा जिवात जीव आला. एवढा खर्च झाला, पण काकूंना कशाची भीती वाटते, हे कुणी विचारलंच नव्हतं!

म्हणून मैत्रिणींनो, घरासाठी अलार्म निवडताना दुकानदाराचं ऐकण्याआधी मेरीसारखं स्वतःला विचारा. मला भीती कशाची? पुढच्या दाराची, मागच्या गॅलरीची की घरात एकटीला काही झालं तर, याची? सेन्सर आणि कॅमेरे त्याप्रमाणे लावा.

मग दुकानदाराला विचारा. वीज गेली तर सायरन बॅटरीवर चालेल ना? इंटरनेट बंद पडलं तरी अलार्म वाजेल का? अलार्म वाजताच घरातले सगळे दिवे आपोआप लागले तर फार छान, पण दिव्यांची यंत्रणा बिघडली म्हणून अलार्मही बंद पडता कामा नये. उपकरणं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर ती एकमेकांशी जुळतात का, हेही पाहा. झिग्बी, झेड-वेव्ह आणि २०२२ पासून आलेली मॅटर, ही त्यासाठीच ठरवलेल्या पद्धतींची नावं. खोक्यावर ती वाचून घ्या. दुरून उघडणाऱ्या कुलपाला जुनी किल्लीही लागते ना, ते बघा. आणि बसवून देणारा माणूस गेला की पासवर्ड लगेच बदला.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मेरीच्या शेवटच्या बटणाचा. अलार्म वाजला तर तो ऐकून येणार कोण? परदेशातल्या मुलाच्या फोनवर इशारा गेला, तर तो तिथून काय करणार? त्यात शेजारणीचा नंबर हवा, सोसायटीच्या वॉचमनचा हवा. आणि ११२ हा नंबर आपल्याला तोंडपाठ हवा.

काकूंच्या यंत्रणेत आम्ही एवढंच केलं. एक बॅटरी बसवली आणि शेजारणीचा नंबर जोडला. आता रात्री बेल वाजली की काकू आधी पडद्यावर बघतात, कोण आहे ते विचारतात आणि मगच उठतात.