उडत्या पाखरांचा नेमबाज

एतिएन-ज्यूल मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधील बोन या गावी झाला. त्यांना लहानपणापासून यंत्रांचा नाद. इंजिनियर व्हावे ही इच्छा. वडिलांनी मात्र डॉक्टरकीसाठी पॅरिसला धाडले. मारे डॉक्टर झाले, पण नाद सुटला नाही. नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर रेघेने उमटविणारे यंत्र त्यांनी बनविले व नाव मिळविले.

नाडीनंतर त्यांनी पाखरांचे पंख हाती घेतले. पंख वरखाली होताना नेमका कसा वळतो, हे टिपण्याइतका आपला डोळा चपळ नाही. कबुतराच्या अंगाला नळ्या बांधून त्यांनी पंखांची हालचाल कागदावर उतरविली. पण बांधलेले पाखरू मोकळ्या पाखरासारखे उडते, हे कोणी सांगावे? १८७८ मध्ये अमेरिकेतील मायब्रिज यांची धावत्या घोड्याची छायाचित्रे त्यांच्या पाहण्यात आली. तशीच पाखरांची मिळाली तर! मायब्रिज यांनी १८८१ मध्ये तीही पॅरिसला आणली; मारे यांचे समाधान झाले नाही. घोडा ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांपुढून आखल्या वाटेने जातो, पाखरू थोडेच जाणार?

तेव्हा कॅमेराच पाखरामागे फिरला पाहिजे. १८८२ मध्ये इटलीतील नेपल्स येथे मारे यांनी चक्क बंदूक केली. नळीत भिंग, मागे घड्याळासारखी चक्रे आणि फिरती काच. चाप ओढला की एका सेकंदात बारा चित्रे. एकेका चित्राला प्रकाश मिळे तो सेकंदाचा १/७२० भाग! समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या पाखरांवर हे गृहस्थ बंदूक रोखतात, एकही पडत नाही, तरी खुशीत घरी जातात, हे पाहून तिथल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले म्हणे. आडनाव मारे, पण या बंदुकीने एक पीसही गळाले नाही.

पुढे एकाच काचेवर अनेक क्षण टिपून त्यांनी दाखविले की, पंख नुसता खाली येत नाही, खाली येता येता पुढेही जातो. १८९० मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. लांब फितीवर चित्रे घेण्याची युक्तीही त्यांनी ल्यूमिएर बंधूंच्या आधीच साधली होती. पण पडद्यावर चित्रे हलती दाखविण्यात त्यांना फारसा रस नव्हता. जे डोळ्याला एरवी दिसतेच, ते पुन्हा दाखवून काय मिळवायचे, असा त्यांचा रोख. मला हा हट्ट थोडा अतिरेकी वाटतो, पण त्याच हट्टापायी बंदूक जन्मली.

डिसेंबर १९०३ मध्ये राइट बंधूंचे विमान उडाले. मे १९०४ मध्ये मारे पॅरिस येथे वारले.