सहा दिवस, सहा रात्री धावणारा होडीघरातला पोऱ्या: चार्ल्स रॉवेलची गोष्ट

मार्च 1879. न्यूयॉर्कमधल्या गिलमोर्स गार्डन नावाच्या प्रचंड हॉलमध्ये मध्यरात्रीनंतर हजारो लोक दाटीवाटीने उभे होते. बाहेर आणखी हजारो लोक दारं ढकलत होते आणि पोलीस त्यांना काठ्यांनी मागे रेटत होते. आत बघायला काय होतं? मातीच्या गोल ट्रॅकवर धावणारी आणि चालणारी चार माणसं. ती पुढचे सहा दिवस तेच करणार होती.

त्या चौघांतल्या सर्वात बुटक्या इंग्रज पोराला तिथे कुणी फारसं ओळखत नव्हतं. त्याचं नाव चार्ल्स रॉवेल. आठवडा संपला तेव्हा तो जगातला सर्वात चर्चेतला धावपटू झाला होता. आज मात्र खुद्द इंग्लंडमध्येही त्याचं नाव मोजक्या लोकांना आठवतं. असं का झालं, हे समजण्यासाठी आधी तो खेळ काय होता ते बघायला हवं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पेडेस्ट्रियनिझम नावाचा धंदेवाईक खेळ तुफान लोकप्रिय होता. सोप्या भाषेत सांगायचं तर पैसे लावून चालण्याच्या आणि धावण्याच्या शर्यती. त्यातला सगळ्यात मोठा तमाशा म्हणजे सहा दिवसांची शर्यत. सहाच दिवस का? तर रविवार देवाचा. त्या दिवशी खेळ आणि जुगार लोकांना खपत नसे. म्हणून रविवारची मध्यरात्र उलटली की शर्यत सुरू व्हायची आणि शनिवारी रात्री संपायची. या 144 तासांत जो सर्वात जास्त मैल कापेल तो जिंकला. कधी झोपायचं, किती खायचं, कधी थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

या मोठ्या शर्यती छताखाली व्हायच्या. लंडनमध्ये त्यांचं मुख्य ठिकाण होतं इस्लिंग्टनचा ॲग्रिकल्चरल हॉल. 1862 साली उभा राहिलेला हा हॉल खरं तर जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेला. न्यूयॉर्कचा गिलमोर्स गार्डन त्याआधी रेल्वेचा डेपो होता, मग सर्कसवाल्या बार्नमने तिथे आपले खेळ केले. याच जागेला 1879 च्या मे महिन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे नाव मिळालं. छत, गॅसचे दिवे आणि तिकीट खिडकी असली की बाहेर बर्फ पडो वा पाऊस, रात्री दोन वाजताही गल्ला चालू. आजचे धावपटू हिवाळ्यात ज्या इनडोअर स्पर्धांमध्ये उतरतात, त्यांचे हे जरा उनाड पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आत वातावरण मात्र भयंकर असायचं. हजारो लोक चिरूट आणि पाइप ओढत, आणि धावणाऱ्यांनी सहा दिवस तोच धूर छातीत घ्यायचा. ट्रॅकवर माती आणि लाकडाचा भुसा. ट्रॅकच्या कडेला प्रत्येकाचा एक छोटा तंबू किंवा खोपटं. तिथे खाट, शेगडी, मालिश करणारा आणि जेवण करून देणारा माणूस. उत्तेजक म्हणून शॅम्पेन पाजणं अगदी नेहमीचं. एडवर्ड वेस्टन नावाचा अमेरिकन चालपटू 1876 साली लंडनमध्ये कोकाची पानं चघळताना आढळला, तेव्हा त्यावर ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चर्चा झाली. पण बंदी वगैरे काही नाही, कारण तसा नियमच नव्हता.

या वेस्टनने आणि त्याच्यामागून आलेल्या डॅनियल ओलिअरीने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून मैदान मारलं होतं. ओलिअरी जन्माने आयरिश, पण राहायला शिकागोत. ही गोष्ट सर जॉन ॲस्टली यांना फार झोंबली. ॲस्टली म्हणजे क्रिमियाच्या युद्धात लढलेले अधिकारी, पार्लमेंटचे सदस्य आणि पैजा लावण्याचे अट्टल शौकीन. 1877 मध्ये त्यांनी वेस्टनवर मोठी रक्कम लावली आणि ओलिअरीने त्यांना ती हरवून दाखवली. मग त्यांनी 1878 साली स्वतःची स्पर्धाच काढली. पहिलं बक्षीस 500 पौंड, शिवाय चांदीच्या पट्ट्या आणि सोन्याचं बक्कल असलेला कमरपट्टा. हाच तो ॲस्टली बेल्ट. सलग तीनदा जिंकेल त्याच्याकडे तो कायमचा राहणार. पण मार्च 1878 मध्ये पहिली शर्यत झाली आणि 520 मैल, म्हणजे सुमारे 837 किलोमीटर कापून पट्टा कुणी नेला? पुन्हा ओलिअरीने. थेट अमेरिकेत.

आता तो परत आणायचा कसा?

इथे रॉवेल येतो. त्याचा जन्म 1852 चा, केंब्रिजला लागून असलेल्या चेस्टरटन गावातला. पुढे तो थेम्सकाठच्या मेडनहेडला होड्यांच्या क्लबात पडेल ती कामं करणारा पोऱ्या म्हणून राबला. उंची सुमारे साडेपाच फूट, बांधा दणकट, पाय आखूड. लांब पल्ल्याचा धावपटू म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी शिडशिडीत आकृती येते, तिच्याशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं. 1878 च्या हिवाळ्याच्या तोंडावर इंग्लंडच्या अजिंक्यपदाची सहा दिवसांची शर्यत झाली, तीही त्याने जिंकली नाही. कॉर्की या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाळिशी ओलांडलेल्या गड्याने 521 मैल मारले, दुसरा आला ब्लोअर ब्राउन आणि रॉवेल तिसरा.

तरीही ॲस्टलींनी अमेरिकेला धाडण्यासाठी निवडलं या तिसऱ्या आलेल्या पोरालाच, आणि खर्चही उचलला. जुगारी माणसाची नजर म्हणा, पण ती अचूक होती.

न्यूयॉर्कला रॉवेलने जे केलं त्याला डावपेच म्हणावं की छळ, हा प्रश्नच आहे. ओलिअरी चालणारा होता. ताठ मानेने, झपाझप, देखणं चालायचा. रॉवेल छोट्या छोट्या पावलांनी दुडकत धावायचा. तो ओलिअरीच्या मागे लागला आणि मागेच राहिला. ओलिअरीने वेग वाढवला की हा वाढवायचा, त्याने कमी केला की हाही कमी करायचा. आठ फेऱ्यांचा एक मैल होणाऱ्या त्या गोल ट्रॅकवर टाचांच्या मागे चिकटलेला हा पावलांचा आवाज तासन्‌तास ऐकणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. ओलिअरी आधीच थकलेला होता, तब्येतही धड नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने शर्यत सोडली.

आपला माणूस पडल्यावर प्रेक्षक बिथरले. ओलिअरीवर पैसे लावलेले बरेच जण आयरिश वंशाचे होते आणि समोर जिंकत होता इंग्रज. रॉवेलवर हल्ला होणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा पुढे आला जॉन एनिस. हा एनिस स्वतः आयरिश, रॉवेलच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे रॉवेल बाद झाला तर थेट फायदा त्याचाच. त्याने गर्दीला बजावलं, की या माणसाला धक्का लागला तर मी ट्रॅक सोडून जाईन. गर्दी निवळली. या सगळ्या धूरकट, पैशांनी बरबटलेल्या धंद्यात असे प्रसंगही घडत, आणि रॉवेलच्या गोष्टीतला खरा मोठा माणूस कदाचित एनिसच ठरावा.

त्याच आठवड्यात एका रात्री प्रेक्षकांच्या भाराने गॅलरीचा एक भाग कोसळला. लोक जखमी झाले, गोंधळ उडाला, पण शर्यत थांबवली नाही.

शनिवारी रॉवेलने 500 मैल पूर्ण केले. एनिस 475 वर, चार्ल्स हॅरिमन 450 वर. तिकिटांच्या गल्ल्यातून रॉवेलच्या वाट्याला सुमारे 20 हजार डॉलर आले. त्या काळात अमेरिकन कामगार वर्षभर राबून साधारण चार-पाचशे डॉलर कमवायचा. होड्या पुसणाऱ्या पोऱ्याने एका आठवड्यात चाळीस वर्षांची मजुरी कमावली.

जूनमध्ये पुढची शर्यत लंडनला झाली, पण टाचेच्या दुखापतीमुळे रॉवेल उतरू शकला नाही. चाळिशीच्या वेस्टनने 550 मैल मारून सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावलं आणि पट्टा पुन्हा अमेरिकेला गेला. सप्टेंबरमध्ये रॉवेल परत न्यूयॉर्कला हजर. 530 मैल, पहिला क्रमांक. सहा महिन्यांत दोन शर्यतींत मिळून त्याने सुमारे 50 हजार डॉलर मिळवले असं सांगितलं जातं. या शर्यतीत चौथा आलेला फ्रँक हार्ट हा हैतीत जन्मलेला कृष्णवर्णीय धावपटू. त्याने पुढच्या एप्रिलमध्ये 565 मैलांचा विश्वविक्रम केला. नोव्हेंबर 1880 मध्ये इस्लिंग्टनच्या हॉलमध्ये रॉवेलने तो मोडला. किती फरकाने? एका मैलाने. 566 मैल, म्हणजे 911 किलोमीटर. 1881 मध्ये वेस्टनशी झालेल्या शर्यतीत वेस्टन मध्येच बाहेर पडला आणि सलग तिसऱ्या विजयासह ॲस्टली बेल्ट कायमचा रॉवेलचा झाला.

आता यातली गंमत बघा. 1880 हेच ते वर्ष, ज्या वर्षी एप्रिलमध्ये ऑक्सफर्डला ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. त्याआधीच्या हौशी क्लबाच्या नियमात कारागीर आणि मजुरांना प्रवेशच नव्हता. नव्या संघटनेने ती अट काढली, हे तिचं मोठं पाऊल. पण पैशासाठी धावणारा मात्र बाहेरच. अधिकृत विक्रम, अजिंक्यपदं, पुढे ऑलिंपिक, सगळं हौशी खेळाडूंचं. ज्याच्या घरात पैसा होता त्याला हौस परवडत होती. होडीघरातल्या पोऱ्याला सहा-सहा दिवस फुकट धावणं कसं परवडणार? रॉवेल विसरला गेला त्याचं मोठं कारण हे आहे. तो कमी पडला नाही, त्याचं खातंच दुसऱ्या वहीत होतं.

आणि तो काय चीज होता हे खरं दिसलं ते हरलेल्या एका शर्यतीत.

27 फेब्रुवारी 1882, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. या वेळी रॉवेल कुणाच्या मागे लागला नाही. सुरुवातीपासून एकटाच पुढे सुटला. पहिले 100 मैल 13 तास 26 मिनिटं 30 सेकंदांत. साडेबावीस तासांच्या आत 150 मैल, म्हणजे 241 किलोमीटर, आणि मग विश्रांती. दोन दिवसांत 258 मैल. तीन दिवसांत 353. आजचे धावपटू 100 मैल अकरा तासांच्या आत धावतात, हे खरं. पण ते मोजून-मापून बनवलेल्या बुटांत, पोषणतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि स्वच्छ हवेत. रॉवेल तंबाखूच्या धुरात, भुशावर धावत होता आणि पहिल्या दिवसानंतर आणखी पाच दिवस बाकी आहेत हे त्याला माहीत होतं. अर्धी शर्यत संपली तेव्हा त्याच्या जवळपासही कुणी नव्हतं.

मग चौथ्या दिवशी त्याने तंबूत एक कप उचलला आणि घटाघटा प्यायला. त्यात त्याच्यासाठी केलेलं पेय नव्हतं, व्हिनेगर होतं. चार दिवस धड झोप नसलेल्या माणसाची जीभ चव कळायच्या आत कप रिकामा करते. पोट बिघडलं, अन्न टिकेना. सहा दिवसांच्या शर्यतीत पाय सोसतात, डोळे उघडे ठेवता येतात, पण पोट गेलं की इंधनच संपतं. मुद्दाम कुणी केलं का, अशी कुजबुज पैजवाल्यांत होणारच. रॉवेल रडतखडत पाचव्या दिवसापर्यंत ओढत राहिला आणि शेवटी त्याने ट्रॅक सोडला. त्या शर्यतीत त्याचाच देशबांधव जॉर्ज हेझेल 600 मैल पार करणारा पहिला माणूस ठरला. पहिल्या तीन दिवसांचे आकडे पाहिले तर हा मान कुणाचा व्हायचा होता हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांनी, 1884 च्या एप्रिलअखेरीस, रॉवेल पुन्हा त्याच हॉलमध्ये उतरला. समोर पॅट्रिक फिट्झजेराल्ड. आठवड्याच्या शेवटी दोघांमधलं अंतर घटत गेलं. फिट्झजेराल्डचे पाय आखडून लाकूड झाले, तेव्हा त्याच्या डॉक्टरने मांड्यांवर छोट्या पात्यांच्या यंत्राने बारीक छेद देऊन रक्त काढलं आणि त्याला परत ट्रॅकवर उभं केलं. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण तो चालला, आणि जिंकला. फिट्झजेराल्ड 610 मैल, रॉवेल 602. आयुष्यातलं सर्वात जास्त अंतर रॉवेलने कापलं ते हरताना.

त्यानंतर हा खेळच ओसरत गेला. सायकली आल्या. चालणाऱ्या माणसापेक्षा सायकलवाला वेगात जातो, आपटतो, मजा जास्त. सहा दिवसांच्या सायकल शर्यतींनी तेच हॉल, तोच प्रेक्षक आणि त्याच पैजा पळवल्या. सायकलिंगमध्ये आज मॅडिसन नावाचा जो प्रकार आहे, त्याचं नाव याच हॉलवरून पडलं. जाता जाता 1888 मध्ये शेफिल्डच्या जॉर्ज लिटलवुडने 623 मैलांच्या वर मजल मारली. तो विक्रम मोडायला 1984 साल उजाडावं लागलं. मोडला ग्रीसच्या यानिस कुरोसने, आणि तोही न्यूयॉर्कलाच.

1908 साली लंडनला ऑलिंपिक भरलं. मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या टप्प्यात कोसळला, त्याला हात देऊन उठवलं म्हणून तो बाद झाला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. लोकांना या दोघांना पुन्हा समोरासमोर बघायचं होतं. मग नोव्हेंबरमध्ये ते पैसे घेऊन पुन्हा धावले, छताखाली, गोल गोल फेऱ्या मारत, नव्या इमारतीतल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. हॉल तुडुंब भरला होता.

चार्ल्स रॉवेल तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, तो वारला.