अप्पासाहेब पटवर्धन

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (जन्म : आगरगुळे, रत्नागिरी जिल्हा, ४ नोव्हेंबर १८९४, मृत्यू : १० मार्च १९७१) हे महाराष्ट्रातील गांधीवादी रचनात्मक कार्यकर्ते, स्वातंत्र्यसैनिक आणि लेखक होते. त्यांना 'कोकणचे गांधी' या नावाने ओळखले जाते. भंगीमुक्ती, मैल्यापासून खत आणि ग्रामीण घरांना परवडणारे संडास ही त्यांच्या कार्याची मुख्य क्षेत्रे होती.

जीवन

उच्च शिक्षण घेतल्यानंतर अप्पासाहेब महात्मा गांधींच्या विचारांकडे ओढले गेले आणि काही काळ साबरमती आश्रमात राहिले. आश्रमात संडास-सफाई हे प्रत्येकाच्या दिनक्रमातील काम होते. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या अप्पासाहेबांनी ते पुढे जीवनकार्य म्हणून स्वीकारले. कोकणात परतल्यावर त्यांनी खादी, अस्पृश्यतानिवारण आणि ग्रामसफाई यांचा प्रचार केला. १९३० मध्ये शिरोडे येथे झालेल्या मिठाच्या सत्याग्रहाचे ते एक प्रमुख नेते होते.

रत्नागिरी कारागृहातील उपोषण

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ मध्ये अप्पासाहेब रत्नागिरीच्या कारागृहात होते. त्या काळी कारागृहातील मैला साफ करण्याचे काम कैद्यांना जातीनुसार दिले जाई. हे काम आपल्यालाही मिळावे, अशी मागणी अप्पासाहेबांनी केली. सवर्ण कैद्यास ते देता येत नाही, या कारणावरून ती नाकारण्यात आली. तेव्हा त्यांनी निषेध म्हणून आपला आहार कमी केला व त्यांची प्रकृती खालावू लागली.

गांधीजी त्या वेळी पुण्याच्या येरवडा कारागृहात होते. पुणे करारास जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. अप्पासाहेबांच्या मागणीला पाठिंबा म्हणून त्यांनी ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले. या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन सरकारकडून मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी ते सोडले. एका कैद्याने झाडू मागावा आणि राज्ययंत्रणेने तो त्याच्या जातीकडे पाहून नाकारावा, या घटनेमुळे सफाईचे काम जन्माशी कसे जखडलेले आहे, हे देशासमोर आले.

गोपुरी आश्रम

१९४८ मध्ये अप्पासाहेबांनी तत्कालीन रत्नागिरी (आताच्या सिंधुदुर्ग) जिल्ह्यातील कणकवलीजवळ गोपुरी आश्रमाची स्थापना केली. जी कामे समाजाने हलकी ठरवली होती, तीच येथे प्रतिष्ठेने केली जात. मृत जनावरांचे कातडे सोडवणे, चामडे कमावणे आणि मैल्याचे खत करणे ही त्यांपैकी प्रमुख कामे होत. मृत जनावर सोलण्याचे काम अप्पासाहेब स्वतः करीत. टाकाऊ मानलेल्या वस्तूंतून गावाला उत्पन्न मिळाले, तर त्या हाताळणाऱ्या माणसाकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही बदलेल, अशी त्यांची धारणा होती.

गोपुरी संडास

त्या काळी शहरांत व मोठ्या गावांत टोपलीचे संडास असत. त्यांतील मैला दररोज माणसांना काढावा लागे व डोक्यावरून वाहून न्यावा लागे. खेड्यांत बहुतेक लोक उघड्यावर शौचास जात. त्यामुळे विहिरी व ओढे दूषित होत आणि पटकी, हगवण, जंत यांचा प्रसार होई. पाण्याने मैला वाहून नेणारी गटारे खेड्यांच्या आवाक्याबाहेर होती.

अप्पासाहेबांच्या प्रयोगांतून पुढे आलेला खत-संडास 'गोपुरी संडास' या नावाने ओळखला जातो. त्यात शेजारी-शेजारी दोन कप्पे असतात व ते आळीपाळीने वापरले जातात. प्रत्येक वापरानंतर मैल्यावर राख, माती किंवा पालापाचोळा टाकतात. या आच्छादनामुळे ओलावा शोषला जातो, दुर्गंधी कमी होते आणि माश्या बसत नाहीत. पहिला कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरात आणतात. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील मैला कुजून त्याचे मातीसारखे खत होते. ते मागील दारातून काढून शेतात घालता येते. ताजा मैला कोणासही हाताळावा लागत नाही, हे या रचनेचे मर्म होय. मैल्याच्या खताला 'सोनखत' हे नाव मराठीत रूढ आहे.

कप्पा पुरेसा काळ बंद ठेवला नाही, तर मैला अर्धवट कुजतो व रोगजंतू टिकून राहतात. आच्छादन टाकण्याचा कंटाळा केल्यास दुर्गंधी सुटते. बांधकामाइतकीच वापरणाऱ्याची शिस्तही त्यामुळे महत्त्वाची ठरते.

लेखन

गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद अप्पासाहेबांनी केला. 'माझी जीवनयात्रा' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

वारसा

पुणे जिल्ह्यातील देहू येथे वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. सु. वि. मापुसकर यांनी गावात बांधलेले सुरुवातीचे संडास पावसाळ्यात ढासळले. त्यानंतर त्यांना अप्पासाहेबांच्या कामातून दिशा मिळाली. अप्पासाहेबांच्या प्रयोगांचा धागा पुढे नेत त्यांनी 'मलप्रभा' हे मानवी मैल्यावर चालणारे जैववायू संयंत्र विकसित केले. त्यांनी देहू येथे स्थापन केलेल्या संस्थेस 'अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन' असे नाव देण्यात आले. डॉ. मापुसकर यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

माणसांकडून मैला वाहून नेण्यास आणि टोपलीचे संडास बांधण्यास बंदी घालणारा केंद्रीय कायदा अप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १९९३ मध्ये संमत झाला. २०१३ मध्ये त्याहून व्यापक कायदा करण्यात आला. तरीही गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करताना कामगारांचे मृत्यू होतच आहेत. कणकवलीचा गोपुरी आश्रम आजही अप्पासाहेबांची कर्मभूमी म्हणून ओळखला जातो.