बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

मेहरूणच्या तलावाकाठी लगोरी खेळणारी मुले वाचकांनी पाहिली असतीलच. कॅनडा देशातील आल्मंट गावाजवळची मुले दीडशे वर्षांपूर्वी अशाच तऱ्हेचा एक खेळ खेळत. मोठ्या खडकावर लहान धोंडा ठेवावयाचा व दुरून दगड मारून तो पाडावयाचा. जोराने भिरकावलेला दगड चुकला की लांब जाऊन पडे आणि तो आणण्यास गेलेला गडी पकडला जाई. हलकेच उंच टाकलेला दगड मात्र बहुधा नेमका बसे. त्या मुलांत जेम्स नेस्मिथ नावाचा एक पोरका मुलगा होता.

त्याचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी झाला. १८७० साली आईबाप दोघेही विषमज्वराने वारले, तेव्हा आजी व मामा ह्यांनी त्यास वाढविले. शाळा मध्येच सोडून तो लाकूडतोडीच्या कामास गेला. पुढे विशीच्या सुमारास तो पुन्हा शाळेत येऊन आपल्याहून लहान मुलांच्या बाकावर बसला. ही लाज ज्याने एकदा गिळली त्यास पुढे शिकण्याची लाज कधी वाटली नाही. मॉन्ट्रिअल येथे पदवी घेऊन नेस्मिथ ह्यांनी तेथील प्रेस्बिटेरियन धर्मशिक्षणशाळेचा अभ्यास १८९० साली पुरा केला. उपदेशक होणाऱ्याने चेंडूमागे धावावे हे पुष्कळांस रुचले नाही. तरी ते अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकशाळेत गेले.

१८९१ च्या हिवाळ्यात तेथील एका वर्गाने शिक्षकांस जेरीस आणले होते. बाहेर बर्फ, आत रोजची तीच कवायत. वरिष्ठ लूथर गुलिक ह्यांनी नवा खेळ शोधण्यास नेस्मिथ ह्यांस चौदा दिवस दिले. त्यांनी प्रथम मैदानी खेळ आत आणून पाहिले, ते फसले. मुलांस दोष न देता प्रत्येक खेळात नेमके काय बिघडते हे त्यांनी तपासले. गडी चेंडू घेऊन धावतो म्हणून त्यास पाडतात; तर मग धावूच नये. गोल समोर असला की चेंडू जोराने मारतात. तर तो डोक्यावर आडवा असावा, म्हणजे बालपणीच्या दगडाप्रमाणे चेंडू हलकेच उंच टाकावा लागेल. शाळेच्या रखवालदाराने पीचफळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दहा फूट उंचीवर कठड्यास ठोकल्या व तेरा नियम भिंतीस लावले. नऊ-नऊ गड्यांच्या त्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला.

पुढे डेन्व्हर येथे नोकरी करीत ते वैद्यकी शिकले व १८९८ साली डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाने प्रार्थना चालविण्यास व व्यायाम शिकविण्यास त्यांस नेमले. संघाचे मार्गदर्शक म्हणून १९०७ पर्यंत त्यांनी ५५ सामने जिंकले व ६० हरले. तेथील मार्गदर्शकांत जिंकल्याहून हरलेले सामने अधिक असे ते एकटेच, आणि खेळ तर त्यांचाच! मला ह्यात उणेपणा दिसत नाही. हा खेळ शिकवावयाचा नसून खेळावयाचा आहे, असे त्यांचे मत होते. त्यांचाच शिष्य फॉग ॲलन ह्याने उलट मत धरले व नामांकित मार्गदर्शक झाला. पन्नाशी उलटल्यावर नेस्मिथ ह्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये सैनिकांच्या सेवेस गेले.

आपल्या देशात ह्या खेळाच्या शिक्षकांस तयार करण्याचे काम हॅरी बक ह्यांनी १९२० साली मद्रासेत स्थापिलेल्या वाय. एम. सी. ए. च्या शाळेने केले. मुंबईत, जेथे अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नेबरहुड हाऊस उघडले, त्या नागपाड्यात हा खेळ असा रुजला की तेथील गडी भारताच्या संघात गेले.

म्हातारपणीची एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. १९३३ साली जॉन मॅकलेंडन नावाचा काळा विद्यार्थी कॅन्ससला आला. वर्णामुळे त्यास संघात घेत नसत. पदवीसाठी पोहणे अवश्य होते. तो तलावात उतरला तेव्हा सगळे पाणी उपसून टाकले गेले, असे सांगतात. १९२७ च्या सत्याग्रहानंतर महाडच्या चवदार तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. सत्तरी गाठलेले डॉ. नेस्मिथ त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले व त्यास आपल्या हाताखाली घेऊन शिकविले. १९३६ साली तो पदवीधर झाला. त्याच वर्षी मार्गदर्शकांनी निधी जमवून डॉक्टरांस बर्लिनच्या ऑलिंपिकला पाठविले, आणि आपला खेळ तेथे खेळला जाताना त्यांनी पाहिला.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले. खेळाच्या उगमाविषयीचे त्यांचे पुस्तक १९४१ साली निघाले. मॅकलेंडन ह्याच्या संघाने १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ ह्यांच्या नावाने जे कीर्तिमंदिर आहे, त्यात ह्या शिष्याचे नाव १९७९ साली आणि मृत्यूनंतर पुन्हा २०१६ साली, ह्या वेळी मार्गदर्शक म्हणून, दाखल झाले.