काजळीतला कर्करोग ओळखणारा सर्जन

मणक्याच्या क्षयाला डॉक्टर आजही ‘पॉट्स स्पाइन’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडलं, ते पर्सिव्हल पॉट (१७१४-१७८८) लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जवळपास चार दशकं सर्जन होते. १७५६ मध्ये ते घोड्यावरून पडले आणि पायाचं हाड मोडून त्वचेबाहेर आलं. धक्के बसले तर इजा वाढेल, म्हणून त्यांनी जागेवरच एक दरवाजा विकत घेतला आणि त्यावर आडवं होऊन घर गाठलं. पाय कापायची तयारी झाली होती. गुरू एडवर्ड नर्स यांच्यामुळे तो वाचला. त्या सक्तीच्या विश्रांतीत पॉट लिहिते झाले.

त्यांचं सर्वांत मोलाचं लेखन १७७५ सालचं, जेमतेम काही पानांचं. लंडनमधली अरुंद धुराडी साफ करायला तेव्हा गरिबाघरची लहान मुलं आत चढवत. काजळी अंगावर दिवसेंदिवस राही. मोठेपणी त्यांच्यापैकी काहींच्या वृषणकोशाच्या त्वचेवर न भरणारी जखम होई. बाकीचे डॉक्टर तिला गुप्तरोग समजून पारा देत. जखम चिघळे, आजार पोटात पसरे आणि रुग्ण हाल होऊन मरे. पॉट यांनी या रुग्णांचा धंदा एकच आहे हे हेरलं. हा कर्करोग असून त्वचेच्या सुरकुत्यांत साचणारी काजळी त्याचं कारण आहे, जखम लहान असतानाच कापून काढावी, असं त्यांनी लिहिलं. धंद्यातून होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली स्पष्ट नोंद मानली जाते.

१७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवायला बंदी केली, पण ती कागदावरच राहिली. त्याच वर्षी पॉट वारले. ही प्रथा मोडायला १८७५ चा कायदा यावा लागला.

यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना वारंवार डांबर लावून कर्करोग घडवून दाखवला, तो १९१५ मध्ये. आता संशोधन पेशीच्या आत पोहोचलं आहे. जनुकांना आवर घालणारे मायक्रोआरएनएचे चिमुकले रेणू त्वचेच्या कर्करोगात कसे बिघडतात, हे तपासलं जात आहे. पॉट यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी काजळी टाळली तर रोग टळतो, हे त्यांच्या निरीक्षणातून कळत होतं.

काही आठवडे न भरणारी जखम आजही डॉक्टरांना दाखवावी. सोबत आपण काम काय करतो, हेही सांगावं.